गिधाडांचे ऋण

आपल्या बोलीत ‘गिधाड’ हा शब्द बहुधा शिवी म्हणूनच येतो. वाटणीसाठी टपून बसलेल्या भाऊबंदाला आपण गिधाड म्हणतो. आम्हीही म्हटले आहे. परंतु आज त्या पक्ष्याची क्षमा मागावी असे आम्हांस वाटते. आमच्या लहानपणी गावाबाहेर बैल मेला की घटकाभरात आभाळात घिरट्या सुरू होत, आणि दुसऱ्या दिवशी तेथे स्वच्छ हाडांखेरीज काही उरत नसे. आज त्याच माळावर मढे कुजत पडते आणि मोकाट कुत्री माजतात.

१९९० नंतर ही गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले. काही साथ असावी, असा प्रथम तर्क होता. खरे कारण पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली जगापुढे आले. ते होते डायक्लोफिनॅक, म्हणजे गुरांच्या वेदनेवर दिले जाणारे औषध. ते टोचलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन थोड्याच दिवसांत ती मरत. एकाच मढ्यावर थवाच्या थवा उतरतो. म्हणून विषारी मढी थोडी असूनही संहार मोठा झाला. यात कोणाचे वैर नव्हते. दुखणाऱ्या गाईवर दया करावयास गेलेल्या हातांनीच, नकळत, हे घडले.

असाच प्रसंग अमेरिकेतील काँडर या प्रचंड पक्ष्यावर आला होता. शिकारीच्या अवशेषांतील शिशाच्या गोळ्या पोटात जाऊन तो मरे. १९८७ साली रानातील शेवटचा काँडर पकडून आणला, तेव्हा जगात अवघे २७ उरले होते. काँडरची मादी एका वेळी एकच अंडे घालते; परंतु ते काढून घेतले तर पुष्कळदा दुसरे घालते. हा स्वभाव ओळखून अंडी यंत्रात उबविण्यात आली. पिलांना माणसाचा लळा लागू नये म्हणून हातावर काँडरच्या तोंडाची बाहुली चढवून त्यांना घास भरविले. १९९२ पासून पक्षी पुन्हा रानात सोडू लागले, आणि आज त्यांची एकूण संख्या पाचशेवर आहे. तथापि शिसे अजूनही त्यांचा बळी घेते. पिंजऱ्याचे दार उघडले म्हणजे काम संपले असे नव्हे. बाहेरचे विष प्रथम दूर झाले पाहिजे.

आपल्याकडेही प्रयत्न चालू आहेत. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील वनखाते यांनी उभारलेल्या प्रजननकेंद्रास, सीतेसाठी पंख गमावणाऱ्या जटायूचे नाव दिले आहे. तेथे वाढलेली पांढऱ्या पाठीची गिधाडे २०२० साली प्रथम रानात सोडण्यात आली. पुढे काही महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथेही आणली गेली. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना भोपाळजवळील केरव्याचे केंद्र जवळ आहे. परंतु गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. काही वर्षांत गमावलेले परत मिळविण्यास कित्येक पिढ्या लागतील.

सरकारने २००६ साली गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, तेव्हा २०१५ साली बाटलीचा आकार लहान करावा लागला. २०२३ साली गुरांसाठी किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक ठरलेले औषध उपलब्ध आहे.

म्हणून ज्या वाचकांच्या दारी गाय-म्हैस आहे त्यांस आमची एवढीच विनंती : पुढच्या वेळी गुरांचे डॉक्टर सुई भरू लागले, की औषधाचे नाव विचारा. विचारण्यास संकोच नको. आणि पुन्हा कधी आभाळात ते रुंद पंख दिसले, तर मुलांना बाहेर बोलावून दाखवा. ती शिवी नव्हे, हे त्यांना आपल्याहून लवकर कळू द्या.