कंटेनर हवाच, पण घर बाहेर

नाशिककराला कंटेनर म्हणजे काय ते सांगायला नको. हंगामात निफाड-पिंपळगावची द्राक्षं रीफरमध्ये भरून न्हावा-शेव्याकडे निघतात. पॅकहाउसमधल्या कुणालाही विचारा: रीफर द्राक्षं थंड करत नाही, प्रीकूलिंगमध्ये थंड झालेली द्राक्षं थंड राखतो. कोमट माल भरून दार लावणाऱ्यानं मग कंटेनरला बोल लावू नये. जेनकिन्ससारखा बिल्ड सर्व्हर डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवावा का, हा वाद निघाला की मला हा रीफर आठवतो.

जुनेजाणते म्हणतात, ‘बिल्ड सर्व्हर वर्षानुवर्षांचा इतिहास सांभाळतो आणि कंटेनर म्हणजे वापरून फेकायचा द्रोण. ही जोडी जमायची कशी?’ आक्षेप पोकळ नाही. मी स्वतः पोळलो आहे. एकदा जुना कंटेनर काढून नवा लावला, तर पडद्यावर पहिल्या दिवसाचं ‘अनलॉक जेनकिन्स’! सगळे जॉब गायब. खरं तर ते डॉकरनं आपणहून केलेल्या, लांबलचक सांकेतिक नावाच्या व्हॉल्यूममध्ये बेवारस पडले होते. ते कळायच्या आत मी डिस्कवर जागा करायला ‘प्रून’ चालवलं आणि होतं तेही घालवलं. दोष माझा. जेनकिन्सचं सारं संचित ‘जेनकिन्स होम’ या एकाच डिरेक्टरीत असतं. तिच्यासाठी मी नाव असलेला व्हॉल्यूम बांधलाच नव्हता. द्रोण फेकतात, प्रसाद नव्हे.

‘मध्ये एक थर वाढला, म्हणजे वेग घटणार’ हा दुसरा आक्षेप मात्र टिकत नाही. कंटेनर ही व्हर्च्युअल मशीन नाही. आतली प्रोसेस होस्टच्याच लिनक्स कर्नलवर धावते. नेमस्पेस तिला काय दिसावं ते ठरवतात आणि सीग्रुप तिनं किती खावं ते. पूर्वी जावाला कंटेनरची मेमरी-मर्यादा कळत नसे आणि प्रोसेस मारली जाई. जावा १० मध्ये ती खोड गेली, पुढे जावा ८ च्या नव्या अपडेटमध्येही.

आता उत्साही मंडळींकडे वळू. ‘कंटेनरमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे त्यांचं पालुपद. पण हेच लोक इमेज बनवता याव्यात म्हणून होस्टचं डॉकर सॉकेट कंटेनरच्या हातात देतात. मग ज्याला जॉब लिहिता येतो, तो होस्टची अख्खी डिस्क जोडून दुसरा कंटेनर उठवू शकतो. कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, त्यातलाच हा प्रकार. डॉकरच्या आत डॉकर चालवावा, तर त्याला सहसा प्रिव्हिलेज्ड मोड लागतो. ती सोय घडवणाऱ्या जेरोम पेताझोनी यांनीच २०१५ मध्ये, बिल्डसाठी ती वापरण्याआधी दोनदा विचार करा, असं बजावलं होतं.

तरीही माझा कौल कंटेनरलाच आहे. तो वेगासाठी नाही आणि सुरक्षिततेच्या भ्रमासाठी तर नाहीच. तो आहे सर्व्हर बदलता यावा म्हणून. टेबलाखालच्या ज्या मशीनला हात लावायची कुणाची छाती होत नाही, ते मशीन सर्वांत धोक्याचं. जानेवारी २०२४ मध्ये जेनकिन्सच्या कमांड लाइनमध्ये सर्व्हरवरच्या फाइल वाचू देणारं छिद्र सापडलं. दुरुस्ती त्याच वेळी आली. कंटेनरवाल्याला बॅकअप घेऊन इमेजचा एक आकडा बदलायचा होता. टेबलाखालच्या मशीनवाल्यानं ‘रिलीज झाल्यावर बघू’ म्हटलं असणार.

म्हणून शिस्त अशी: घर नाव असलेल्या व्हॉल्यूममध्ये, प्लगइनची यादी आणि कॉन्फिगरेशन गिटमध्ये, बिल्ड वेगळ्या एजंटवर, मुख्य सर्व्हरवर एक्झिक्युटर शून्य, सॉकेट आत नाही. आणि एखाद्या निवांत दुपारी दुसऱ्या मशीनवर कोरा कंटेनर उठवून कालचा बॅकअप त्यात ओता. जॉबची यादी जशीच्या तशी दिसली, तर माल नीट भरला आहे असं समजा. नाहीतर तो दिवस प्रीकूलिंगचा.