आठवा चंद्र आणि घरातला राग

सकाळी पेपर हातात आला की बातम्यांआधी राशिभविष्य वाचणारी मंडळी आमच्या भैंशात पुष्कळ आहेत. ‘आज चिडचिड होईल’ एवढे वाचले की गृहस्थ चिडायला मोकळे! घरचेही म्हणतात, ‘जाऊ द्या, चंद्र बरा नाही.’

हा चंद्र जरा मोजून पाहू. तो एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो आणि सुमारे 27 दिवसांत बारा राशी फिरतो. आपल्या राशीपासून चौथा, आठवा आणि बारावा चंद्र अशुभ मानतात. म्हणजे प्रत्येकाचे महिन्यातले जवळजवळ सात दिवस वाईट. आता समजा, घरात वडील मेष, आई वृषभ, मुलगा मिथुन आणि सून कर्क राशीची. मेषेला कर्क, वृश्चिक, मीन. वृषभेला सिंह, धनु, मेष. मिथुनेला कन्या, मकर, वृषभ. कर्केला तूळ, कुंभ, मिथुन. बाराही राशी संपल्या! त्या घरात सगळ्यांचा चंद्र बरा आहे असा एकही दिवस उगवत नाही. वाचकहो, मग या माणसांनी एकमेकांशी गोड बोलायचे तरी कधी?

त्यात आपली घरे दुभाषी. माझ्या सासूबाई बीदरकडच्या. सोमवारी साडेसात ते नऊच्या मध्ये बाहेर निघालो की ‘राहुकाल अद, आमेले होगरी’ म्हणून अडवतात. माझी आई अमावास्या तेवढी पाळते, राहुकाळ तिच्या गावीही नाही. एकाच उंबऱ्यावर एकीचा जीव घाबरा होतो, दुसरीचा होत नाही. मी सासूबाईंचा मान राखून थांबतो, आणखी एक चहा घेतो. पण ते थांबणे माझे असते, राहूचे नव्हे.

लोकमान्य टिळकांचे मला या बाबतीत नवल वाटते. पंचांगाचे गणित आकाशाशी जुळावे म्हणून धडपडलेला हा माणूस. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त मात्र त्यांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक सबंध प्रकरण घातले. ग्रह कुठे आहे ते अचूक सांगावे, मी काय बोलावे ते त्याच्यावर सोपवू नये, असा त्याचा माझ्यापुरता अर्थ मी घेतो.

मनःस्थिती खोटी नसते. खटकते ते एवढेच की चंद्राचे नाव निघाले की विचारपूस थांबते. आणि त्यातही भेद. सासरे चिडले तर चंद्र. सून चिडली तर तिचा स्वभाव, नाहीतर पत्रिकेतला मंगळ! ती पहाटे चारला नळाचे पाणी भरायला उठली होती, पोराच्या तापाने रात्रभर डोळा लागला नव्हता, हे कुठल्या पत्रिकेत सापडायचे?

मध्यंतरी एका ओळखीच्या घरी भांडी जरा जोरात आपटली. सासऱ्यांनी सवयीने पंचांगाकडे हात नेला, मग काय वाटले कोण जाणे, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारले, ‘सूनबाई, झोप झाली का गं?’

‘नाही बाबा.’

त्या दुपारचा चहा त्यांनी केला. साखर फारच पडली होती.