भूल घेण्याआधी विचारा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक कळकळीची विनंती आहे. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्याशीही मोकळेपणाने बोला. तिथे हे काम बऱ्याचदा नर्स अनेस्थेटिस्ट करतात. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, त्यामुळे ‘नर्स’ ऐकून तुमच्याकडे आलेले आईवडील धास्तावतात. त्यांना सांगा, अतिदक्षता विभागात काम केल्याशिवाय या शिक्षणाला प्रवेशच मिळत नाही आणि 2022पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेट करावी लागते.

विचारायचं ते एवढंच, की फेंटानिल, मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधं टाळून किंवा अगदी कमी वापरून भागेल का? त्यांनी दुखणं थांबतं, पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, श्वास मंदावतो. काहींना पुढे गोळ्यांची सवय जडते. त्याऐवजी सोनोग्राफीत पाहून ऑपरेशनच्या भागाची नस बधिर करता येते. जोडीला पॅरासिटामॉल, म्हणजे तिथलं टायलेनॉल, शिवाय केटामाइन, लिडोकेन देतात.

मग हे सगळीकडे का होत नाही? अनेक नर्सना ते करायचं असतं. पण नस बधिर करायला वेळ लागतो आणि पुढचा पेशंट तयार असतो. शिकवणारं कुणी हवं, औषध सोडणारे पंप हवेत, सर्जनची संमती हवी. एकट्या नर्सने सगळ्यांची सवय मोडणं फार अवघड. पैशांचीही अडचण असते, पण ती थोडी सुटते आहे. त्याच दिवशी घरी सोडतात अशा ऑपरेशनांत काही बिगर-ओपिऑइड उपचारांचे पैसे मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्य विमा जानेवारी 2025पासून वेगळे देतो.

हट्ट मात्र धरू नका. ओपिऑइडऐवजी डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध देऊन पाहणारी फ्रान्समधली एक चाचणी काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके फार मंदावल्याने वेळेआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2021मध्ये छापून आले. म्हणून ‘अजिबात नको’पेक्षा ‘कमीत कमी’ मागणं मला शहाणपणाचं वाटतं.

झोपेत श्वास अडकतो का, गाडी लागते का, मागच्या भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे भूल देणाऱ्याला आधीच सांगा. आई संकोचाने “काही त्रास नाही हो” म्हणेल. तिच्या वतीने तुम्ही बोला. घरी निघताना ओपिऑइड गोळ्या लिहून दिल्या, तर त्या कधी बंद करायच्या आणि उरलेल्या कुठे परत करायच्या, हे तिथेच विचारून घ्या.