चौकटीला काम हवं

जुलैतला कुलाबा किल्ला वर्तमानपत्रात छापायचा म्हटलं की पान लावणाऱ्याची पंचाईत होते. आभाळ पांढुरकं, समुद्र तसाच, आणि छापायचा कागदही मळकट पांढरा. तटबंदी तेवढी उमटते. वर फोटो कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला, काही कळत नाही. मग फोटोभोवती केसाएवढी काळी रेघ मारतात. वाचकाच्या ती लक्षातही येत नाही, पण नसली तर पान विसविशीत दिसतं. फोटोला कड असावी की नसावी, या वादात माझं मत या रेघेच्या बाजूचं आहे. कडेला काही काम असेल तर ती जरूर द्यावी. नुसती शोभा म्हणून देणार असाल तर फोटोनं काय गुन्हा केलाय?

वाद घरातलाच आहे. भाचा राजपुरीहून शिडाच्या होडीत बसतो, जंजिऱ्याचे फोटो काढतो आणि प्रत्येकाला जाडजूड पांढरी कड चढवून मोबाइलवर धाडतो. ‘मामा, बॉर्डर टाकली की फोटो एकदम क्लासी वाटतो!’ त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. जंजिरा हा पाण्यावर आडवा पसरलेला किल्ला. चौकोनी जागेत तो बसवायला गेलं की दोन्हीकडचे बुरूज छाटले जातात. वर-खाली पांढरी पट्टी सोडली तर अख्खा मावतो. पण हाच पठ्ठ्या उभ्या फोटोलाही चहूबाजूंनी कड देतो. चार बोटं रुंदीच्या पडद्यावर किल्ला काडेपेटीएवढा उरतो, आणि आपण दोन बोटांनी तो ताणून बघत बसतो.

जुन्या फोटोंची पांढरी कड आज आपल्याला फार देखणी वाटते. पण ती काही शोभेसाठी जन्माला आली नव्हती. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागद सपाट राहावा म्हणून त्यावर धातूच्या पट्ट्यांची चौकट दाबत. पट्टीखालच्या भागाला उजेड लागत नसे, म्हणून तो पांढरा राही. ओला प्रिंट चिमट्यानं उचलायलाही तीच जागा सोयीची. पुढे हौस आली आणि कडा करवतीसारख्या नागमोडी कापल्या जाऊ लागल्या. काळ्या पानांच्या अल्बममध्ये, चार कोपऱ्यांत अडकवलेले ते फोटो आणि मधला जाळीचा पातळ कागद अजून पुष्कळ घरांत असेल. १९७२ साली आलेल्या पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्यातल्या फोटोला खाली रुंद पांढरी पट्टी असे. त्या पट्टीत रसायनाची पुडी असायची. फोटो बाहेर पडताना दोन रुळांमध्ये ती फुटायची आणि रसायन चित्रावर पसरायचं. आता मोबाइलमध्ये तीच पट्टी मिळते, फक्त पुडी नसते.

आपल्या किनाऱ्यावर मात्र कडेला फार मोठं काम आहे, आणि ते मला ओळखीच्या एका फ्रेमवाल्यानं दाखवलं. त्याच्या टेबलावर एक लग्नाचा रंगीत फोटो दुरुस्तीला आला होता. थेट काचेखाली बसवलेला. नवरीच्या शालूवर आणि नवऱ्याच्या अर्ध्या गालावर ओलसर, चकचकीत डाग पसरले होते. तिथे प्रिंट काचेला घट्ट धरला होता. ‘सोलायला गेलो तर गाल काचेवर राहील,’ तो म्हणाला. पावसाळ्याचे चार महिने खारी, दमट हवा घरात मुक्कामाला असते. काच आतून घामेजते, प्रिंटवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि चिकटतो. यावर उपाय म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला जाड पुठ्ठा. दीड-दोन मिलिमीटरचं अंतर राहिलं तरी फोटोला श्वास मिळतो. आपण ज्याला ऐटीची रुंद कड समजतो, ती इथे फोटोचं आयुष्य वाढवते. फक्त पुठ्ठा ॲसिड-फ्री मागा. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटोलाही पिवळा करतो. बुरशी आणि कसर यांचा हल्लाही बहुधा कडेकडून सुरू होतो. अशा वेळी पांढरी कड आधी खर्ची पडते, चेहरे नंतर.

कडेचं आणखी एक काम म्हणजे माहिती जपणं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, ओटीवर दाराच्या वर पुढे झुकलेल्या तसबिरींमध्ये बसल्या. त्या चित्रांच्या खालच्या कडेत चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव छापलेलं असे. तसबिरीच्या मापात बसवताना ती कड कितीदा कापली गेली. देवी राहिली, पण चित्र कुठलं हे सांगणारा कागद केराच्या टोपलीत गेला.

काळ्या कडेचं प्रकरण वेगळं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या फोटोंभोवती निगेटिव्हची काळी कड येऊ देत. चित्र कुठेही कापलेलं नाही, बटण दाबताना दिसलं तेवढंच आहे, याची ती ग्वाही. आता तशीच काळी कड ॲपमध्ये आयती मिळते आणि चहूबाजूंनी छाटलेल्या फोटोलाही बिनदिक्कत लावता येते. शिवाय आपल्याकडे काळी चौकट म्हणजे श्रद्धांजली, हे पेपरानं आपल्या डोळ्यांत पक्कं बसवलंय. नात्यातल्या एका आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचा मोठा फोटो फोटोग्राफरनं हौसेनं रुंद काळ्या कडेत करून आणला. सगळे गप्प. आजीच म्हणाल्या, ‘छान झालाय रे, हार तेवढा राहिला!’

तेव्हा भिंतीवर लावायचा फोटो माउंटमध्ये घ्या. छापून ठेवायचा असेल तर पांढरी कड राखा आणि मागच्या बाजूला, त्या कडेच्याच पट्टीत, मऊ पेन्सिलीनं नावं, गाव, साल लिहून ठेवा. पुढच्या पिढीला ‘ही डावीकडची कोण?’ हे विचारायला माणूस उरत नाही. मोबाइलवर पाठवायचा असेल तर कड शक्यतो नकोच. आणि समुद्राचा फोटो असेल तर आधी क्षितिज सरळ आहे का ते बघा. कड सरळ असते, त्यामुळे क्षितिजाचा तिरकेपणा तिच्याशेजारी जास्तच उठून दिसतो. चांगली चौकट वाईट फोटो झाकत नाही, उलट चुगली करते.