झब्बा, विजार आणि ट्रॅडिशनल डे

ट्रॅडिशनल डे जवळ आला की वाळूजच्या कंपन्यांमध्ये एक मेल हमखास फिरतो: 'पारंपरिक मराठी पोशाखात यावे'. मग आपण सगळे निघतो गुलमंडीवर, झब्बा शोधायला.

आता गंमत बघा. झब्बा म्हणजे अरबी 'जुब्बा'. सदरा आला 'सद्र'वरून, म्हणजे छाती. विजार मूळची 'इजार', आणि अरबीत इजार म्हणजे कमरेला गुंडाळायचं, न शिवलेलं वस्त्र. हजला जाणारे पुरुष आजही तेच नेसतात. थोडक्यात, त्यांचं धोतर आपल्याकडे येईपर्यंत पँट झालं :-) जुब्ब्याने तर कहर केला. फ्रेंचांकडे जाऊन तो 'ज्यूप' झाला, म्हणजे चक्क स्कर्ट!

असो. मुद्दा वेगळाच आहे. मागे एका कंपनीत (नाव राहू दे) एक मित्र या दिवशी पांढराशुभ्र, लांब जुब्बा घालून आला. "अरे, हा काय अरबी ड्रेस? आपला घालायचा ना!" हे ऐकवणारा महाभाग स्वतः झब्ब्यात होता. सगळे हसले, मित्रही हसला. पण दुपारी जेवायला आला तो साधा शर्ट घालून. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. शब्द एकच, कपडेही चुलतभाऊ. मग फक्त घालणारा बघून एक 'आपला' आणि दुसरा 'त्यांचा' कसा होतो?

बरं, निकष इथल्या मातीचाच लावायचा तर मश्रू घ्या. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर सोबत आले असं सांगतात. आपल्या शहरात हिमरूबरोबर मश्रूही विणला जायचा. नाव अरबी, अर्थ 'धर्माला मान्य'. पुरुषांनी निव्वळ रेशीम वापरू नये असा इस्लामी दंडक. विणकरांनी काय केलं? उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, आणि वीण अशी की वरून रेशमाची चकाकी, अंगाला मात्र सूत. नियम न मोडता रिक्वायरमेंट पूर्ण! आजच्या अरबीत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, 'प्रोजेक्ट'. आपल्या लोकांना तर तो जवळचा वाटायला हवा.

हिमरूचे हातमाग शहरात आता मोजकेच उरलेत, आणि आपण पॉलिस्टरच्या शेरवानीत 'परंपरा' मिरवतो.

यंदा मेलमधलं 'मराठी' काढून 'आपापल्या घरचा पारंपरिक पोशाख' असं लिहा, एवढंच एचआरला कळवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.