एक्सप्लेनर : जमिनीचा सौदा तोंडी ठरला, आता मालक फिरला; कोर्टात काय होणार?

‘इसार घ्या, खरेदीखत दिवाळीनंतर करू.’ गावाकडे जमिनीचे अनेक सौदे आजही असेच ठरतात. माणूस ओळखीचा असतो, चारचौघे समोर असतात, म्हणून कागद होत नाही. मग जवळून रस्ता जाणार अशी बातमी येते, भाव वाढतो आणि मालक म्हणतो, ‘असं काही ठरलंच नव्हतं.’ अशा वेळी घेणाऱ्याच्या हातात काय उरते?

तोंडी करार कायदेशीर आहे का?

होय. जमीन विक्रीचा करार लेखीच हवा, असे करार कायदा (१८७२) सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ‘ब्रिजमोहन विरुद्ध सुग्रा बेगम’ (१९९०) या निकालात असा करार तोंडी होऊ शकतो, हे मान्य केले. मात्र तो सिद्ध करण्याची मोठी जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, असेही स्पष्ट केले.

मग जमीन आपली झाली का?

नाही. सर्वाधिक गल्लत इथेच होते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ५४ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन नोंदणीकृत खरेदीखतानेच विकता येते. तोंडी असो वा लेखी, विक्रीच्या करारातून मालकी मिळत नाही. मिळतो तो खरेदीखत करून मागण्याचा हक्क. करार तोंडी असेल तर प्रत्यक्ष ताबा घेतलेल्यालाही कलम ५३-अ चे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी लेखी करार लागतो आणि २००१ पासून तो नोंदणीकृतही असावा लागतो.

कोर्टात काय सिद्ध करावे लागते?

- कोणता गट नंबर, किती क्षेत्र, काय भाव आणि या सगळ्यावर दोघांचे एकमत होते.
- उरलेली रक्कम देण्याची घेणाऱ्याची तयारी आणि ऐपत सुरुवातीपासून होती.
- दावा मुदतीत आहे. खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या दिवसापासून, नाहीतर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून ३ वर्षे.

बँकेतून गेलेली रक्कम, सौद्याला हजर असलेले साक्षीदार आणि व्हॉट्सॲप मेसेज इथे कामी येतात. मेसेजसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडावे लागते.

१ ऑक्टोबर २०१८ पासून करारपूर्तीचा आदेश नाकारण्याचा न्यायालयाचा ऐच्छिक अधिकार बराच कमी झाला आहे. पण त्याचा फायदा करार सिद्ध झाला तरच.

धोका कुठे?

मालकाने तीच जमीन तिसऱ्याला विकली आणि त्याने आधीच्या सौद्याची माहिती नसताना, प्रामाणिकपणे पैसे मोजून ती घेतली, तर कायदा त्या तिसऱ्याच्या बाजूने उभा राहतो. रोखीचेही तसेच. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दिल्याचा उल्लेख दाव्यात असेल, तर न्यायालयाने प्राप्तिकर विभागाला कळवावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिले आहेत.

काय करावे?

तोंडी सौद्याला कायदा नाकारत नाही, पण तो सिद्ध करण्यात वर्षे आणि पैसा दोन्ही जातात. त्यापेक्षा इसार देण्याआधी सातबारा व फेरफार तपासावेत, रक्कम बँकेतूनच द्यावी आणि साठेखत नोंदवून घ्यावे. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी हे टाळणाऱ्याला पुढे जमीन आणि इसार दोन्हींसाठी भांडावे लागू शकते. नात्यातला किंवा ओळखीचा व्यवहार असेल तर कागद आणखी गरजेचा. कारण तिथे वाद झाला की पैशाबरोबर नातेही जाते.