मदत दारात नको, सभेत घेऊ

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पाड्यांवर दोन तऱ्हेची माणसं येतात. एक, फॉरेस्टचा गार्ड. प्लॉटात नांगर घातला का, ते बघायला. दुसरी, शहरातल्या एखाद्या संस्थेची गाडी. पोरांना वह्या, कपडे, खाऊ आणि बायांना साड्या वाटायला. गार्डाशी कसं बोलायचं, ते आपण मार खाऊन, केसेस अंगावर घेऊन शिकलो. गाडीतून येणाऱ्यांशी कसं बोलायचं, हे आता सगळ्यांनी मिळून ठरवायला पाहिजे. कारण ही माणसं वाईट नसतात. म्हणूनच त्यांच्याशी बोलणं जास्त अवघड असतं.

आधी एक गोष्ट साफ करू. मदत घेण्यात लाज नाही. आपल्यात एकाच्या घराचे कूड बांधायला सारा पाडा येतो. आवणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. बाळंतिणीच्या घरी शेजारीण भाकर टाकते, ती काही उपकार म्हणून नाही. पण या मदतीत घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखतात आणि उद्या त्यांच्या जागा बदलतात. गाडीतून आलेल्या मदतीत जागा कधीच बदलत नाहीत. तो कायम देणारा, आपण कायम हात पुढे करणारे. गडबड इथे आहे.

आता ही मदत येते कशी, ते बघा. गाडी येते, ती एखाद्याच्या दारात थांबते. बहुतेक वेळा सरपंचाच्या, नाही तर दुकानदाराच्या. तिथे यादी होते. चाळीस घरांच्या पाड्यात बारा पोरांची नावं लागतात. मग प्रत्येक पोराला पाटी धरून उभं करतात, फोटो काढतात. त्याला म्हणतात, मूल दत्तक घेतलं. कुठल्या तरी लांबच्या शहरातला माणूस त्या पोराच्या नावाने पैसे पाठवतो. वर्षातून एकदा पोराकडून त्याला पत्र लिहून घेतात, की मी खूश आहे.

पैसे पाठवणाऱ्याचं मन चांगलं असेल, आम्ही ते नाकारत नाही. पण पाड्यात काय होतं? बारा घरात दप्तर आलं, अठ्ठावीस घरात नाही आलं. उरलेल्या आया विचारतात, माझं पोर काय कमी उपाशी आहे? ज्याच्या दारात यादी झाली त्याचा मान वाढतो. पुढच्या वेळी तोच सांगतो, मोर्चाला जाऊ नका, संस्थेला आवडत नाही, पोराचं नाव कापतील. एका पोराच्या दप्तरासाठी सारा पाडा गप्प बसतो. इतक्या स्वस्तात तर सावकारानेही आपल्याला गप्प केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट भुकेची. संस्थेच्या कागदात लिहिलेलं असतं, आदिवासी आई अडाणी आहे, तिला पोराला काय खायला द्यावं ते कळत नाही. म्हणून तिला शिकवायचं. साथींनो, कुठला कंद राखेत घालून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खायचा, हे ज्या बाईला माहीत आहे तिला खाणं शिकवायचं? तिला सगळं कळतं. आषाढ-श्रावणात कणगीत नागली उरत नाही, हे तिच्या अडाणीपणामुळे नाही. माळावरचा तुकडा तिच्या नावावर नाही, जो कसतो त्यावर अतिक्रमणाचा शिक्का आहे. जंगलात लाकूडफाट्याला गेली तर कोयता जप्त होतो. दिवाळीनंतर अख्खं घर वीटभट्टीवर जातं. तिथल्या भोंग्यात पोर धुरात आणि मातीत वाढतं. पावसाळ्यात परत यायचं ते उचल फेडून रिकाम्या हाताने. आणि नेमकं त्याच महिन्यांत रोजगार हमीची कामं बंद असतात. मग पोराचे हात-पाय काड्या होणार नाहीत तर काय?

हे आम्ही मनाने सांगत नाही. एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सगळ्यात आधी जे ३३ प्रकल्प निघाले, त्यातला एक महाराष्ट्रात मेळघाटात, धारणीला होता. म्हणजे मुलांच्या आहाराची ही योजना अगदी सुरुवातीलाच कोरकूंच्या मुलखात पोचली. आणि अठरा वर्षांनी, १९९३ साली, त्याच मेळघाटातल्या बालमृत्यूंनी पेपर भरले. त्याच्या आदल्याच वर्षी जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं दगावली, तेव्हा मंत्र्यांच्या गाड्यांची रांग लागली. खाऊचं पाकीट आलं, वजनकाटा आला. जमीन आणि जंगल मात्र परत आलं नाही. खाऊ नको असं आम्ही म्हणत नाही. उपाशी पोराला आज खायला पाहिजेच, त्याला जमिनीच्या निकालापर्यंत थांबा म्हणून सांगता येत नाही. पण खाऊ देऊन जमिनीचा प्रश्न मिटला असं जो म्हणतो, त्याला आपण थांबवलं पाहिजे.

मग सगळ्याच संस्था फसव्या का? नाही. आपल्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी आई-बापांना नावं ठेवली नाहीत. बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव सरकारने उचलण्याच्या कितीतरी आधी ती त्या भागात चालत होती. मोठी पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येऊ शकत नाहीत, असं दिसलं तेव्हा शाळा कुरणावर गेली. गुरं चरतायत आणि पोरं शिकतायत, अशी कुरणशाळा. खेळायला शिंपले, बिया, पानं, दगड, म्हणजे पाड्यात मिळेल ते. आधी आपलं जगणं बघितलं आणि मग काम ठरवलं.

गडचिरोलीकडे डॉक्टर राणी आणि अभय बंग यांचं काम १९८६ पासून आहे. दवाखाना कसा हवा हे त्यांनी तिथल्या गोंड लोकांना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते असं लोक म्हणाले. म्हणून गावातल्या घरांसारखा दवाखाना बांधला आणि त्याला लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव दिलं. म्हणजे विचारून काम करता येतं. जो विचारत नाही, त्याला ते जमत नाही असं नाही. त्याला गरज वाटत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. डिसेंबर १९९६ मध्ये दिल्लीच्या संसदेने अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा केला. त्यात म्हटलंय, जी वस्ती किंवा पाडा आपल्या रीतीने आपला कारभार चालवतो, तो पाडा म्हणजे गाव. त्याची स्वतःची ग्रामसभा. गरिबी हटवण्याच्या योजनांचा लाभ कोणाला द्यायचा, ती नावं ग्रामसभेने ठरवायची. आणि शाळा, दवाखाना अशा समाजाच्या कामातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवायचा अधिकारही ग्रामसभेचा आणि पंचायतीचा. बाहेरच्या खाजगी संस्थेला हे कलम किती लागू होतं, यावर वकील भांडतील. आपण कशाला थांबायचं? सरकारची यादी जर सभेत व्हायची असेल, तर गाडीवाल्याची यादी दुकानदाराच्या ओट्यावर का?

काही कार्यकर्ते म्हणतात, बालवाडी, बायांचे दवापाणी ही संस्थांची कामं आहेत, आपलं काम जमिनीचं, मोर्चाचं. आम्हाला हे पटत नाही. मोर्चाला बाया पुढे असतात, कारण गार्डाची काठी आडवायला त्याच उभ्या राहतात. त्यांची पोरं त्या दिवशी कोण सांभाळतं? रोजगार हमीच्या नियमातसुद्धा कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान पोरं सांभाळायची सोय लिहिलेली आहे. म्हणजे पोरं सांभाळणं हा मजूर बाईचा हक्क आहे, ती कोणाची दया नाही. किती कामांवर ही सोय आहे, ते प्रत्येकाने आपल्या कामावर जाऊन बघावं. आणि नसेल तर पाळण्याची मागणी मजुरीच्या मागणीच्या शेजारी लिहावी, खाली नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी थोडी टोचेल. आपण ओरडतो, कसेल त्याची जमीन. राब भाजते कोण? आवणी करते कोण? बेणणी, कापणी, झोडणी? बाईच. मग ‘त्याची’ का? बिहारमध्ये बोधगयेला १९७८ पासून मठाच्या जमिनीसाठी भूमिहीनांनी लढा दिला. जमीन वाटायची वेळ आली तेव्हा बायांनी विचारलं, लाठ्या आम्हीपण खाल्ल्या, कागदावर नुसतं नवऱ्याचं नाव का? अधिकारी म्हणाले, कुटुंबाचा प्रमुख पुरुषच असतो. बाया हटल्या नाहीत, आणि काही गावांत जमीन बायांच्या नावावर झाली. साडी वाटणाऱ्या दहा गाड्या आल्या तरी बाईला जे मिळणार नाही, ते त्या एका कागदाने मिळतं. नवरा दारूत प्लॉट गहाण टाकू शकत नाही. दुसरी बायको केली तरी पहिलीला घराबाहेर काढताना विचार करतो. विधवा झाली तर दीर तिला हुसकू शकत नाही. पोराच्या ताटात काय पडायचं, ते ती ठरवते. बाई आणि पोरांसाठी काम करायचं आहे असं जी संस्था म्हणते, तिला आपण विचारू: प्लॉटच्या दाव्यावर बाईचं नाव लावायला तहसीलला आमच्याबरोबर याल का? हो म्हणाली तर ती आपली. नाही म्हणाली तर साडी घ्या, पण ती कशाची किंमत नाही हे सांगून घ्या.

म्हणून आमचं म्हणणं असं. येत्या महिन्यात प्रत्येक पाड्याने सभा घ्यावी, बायांना पुढे बसवावं, आणि एवढ्या गोष्टी ठरवाव्यात.

कुठलीही संस्था आली तरी बोलणं सभेत होईल, कोणाच्या दारात नाही.

मदत पोरांसाठी असेल तर पाड्यातल्या सगळ्या पोरांसाठी. निवडून बारा नाहीत. वस्तू कमी असतील तर त्या बालवाडीत राहतील आणि सगळे वापरतील.

पोरांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय नाहीत. पोराने कोणाला पत्र लिहायचं असेल तर मनाने लिहील, सांगून नाही.

आपल्या पाड्याच्या नावावर किती पैसे आले आणि कुठे गेले, ते वर्षातून एकदा सभेत मोठ्याने वाचून दाखवायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल असं.

बालवाडीची ताई, दवापाण्याची बाई पाड्यातलीच असावी. संस्था उद्या गेली तरी ती इथेच राहील आणि शिकलेलं तिच्याबरोबर राहील.

आणि मदत घेतली म्हणून मोर्चा, दावा, संघटना सोडायची नाही. ही अट कोणी घातली तर मदत परत.

काही जण घाबरतील, एवढ्या अटी घातल्या तर गाडी दुसऱ्या पाड्यावर जाईल. जाईल कदाचित. म्हणूनच हे एका पाड्याने ठरवून चालणार नाही. सगळ्या पाड्यांनी एकच बोलायचं. सावकाराने मजुरीचा दर पाडला, तेव्हा एका पाड्याने काम बंद करून भागलं नव्हतं. सगळ्यांनी विळे खाली ठेवले तेव्हा दर वाढला. इथेही तसंच.

जी माणसं खरंच पोरांच्या काळजीने येतात, ती सभेत बसायला घाबरणार नाहीत. त्यांना चटई टाकू, कोरा चहा देऊ, आणि आमच्या पोरांना काय हवं ते आमच्या बाया त्यांना सांगतील. कोणी वह्या म्हणेल, कोणी नर्स म्हणेल. पण बहुतेक बाया आधी एकच म्हणतील, याची आम्हाला खात्री आहे: आमचा प्लॉट आमच्या नावावर करा, पोरांचं आम्ही बघतो.

जमीन कसेल त्याची, आणि कसेल तिची!